डिस्पोजल ट्रकचा ट्रेलर केला आणि हब सारखा तापतोय? नवं बेअरिंग घालण्याआधी हे तपासा

लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घ्यायचा, केबिन आणि इंजिन उतरवायचं, मागची चॅसी, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि ॲक्सल तसेच ठेवून पुढे दांडी जोडायची, की ट्रॅक्टरमागे ओढायचा ट्रेलर तयार. आपल्याकडे हे काम बरीच वर्षं चालू आहे आणि मला ते मनापासून पटतं. शक्तिमानच घ्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ साली तो बनायला लागला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. रस्ता नसेल तिथेही माल पोचवायचा, यासाठीच तो बनवला होता. अशा गाडीचा मागचा भाग ऊस, विटा, शेणखत वाहायला मिळाला तर तो नव्या ट्रॉलीच्या तोडीस तोड टिकायला हवा.

चॅसी टिकते, पाटेही टिकतात. जातो तो हब, म्हणजे बेअरिंगवर फिरणारा चाकाचा मधला भाग. तक्रार ठरलेली असते: दहा-पंधरा किलोमीटर गेलं की एका बाजूचा हब हात लावू देत नाही, ग्रीस वितळून चाकाच्या डिस्कवर ओघळतं, थोड्या दिवसांनी बेअरिंग आवाज करतं आणि मग चाक डुलायला लागतं. नवं बेअरिंग घालतात, चार खेपा बऱ्या जातात, पुन्हा तेच. मग दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला, असं ठरवून सगळे मोकळे होतात.

डुप्लिकेट बेअरिंग बाजारात आहेत, नाही असं नाही. पण एकाच जागेवर दुसऱ्यांदा बेअरिंग जळलं, तर दोष बहुतेक वेळा ट्रकचा ट्रेलर करताना झालेल्या बदलात असतो. इंजिनच्या ताकदीने चालणारा ॲक्सल आपण मुका केला, म्हणजे नुसता भार वाहणारा केला, की त्याच्या आतली तेलाची आणि हवेची वाट बदलते. ती कशी बदलली, हे पाहिल्याशिवाय कितीही भारी बेअरिंग घातलं तरी ते जाणारच.

आधी गरम काय होतंय ते बघा

ट्रेलरवर नेहमीचा माल भरा. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा. शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेकला पाय न लावता ट्रॅक्टर हळू करत आणा आणि थांबा. आता दोन्ही बाजूंचं तापमान बघा. लांबून तापमान दाखवणारी बंदूक हल्ली स्वस्तात मिळते, ती असली तर उत्तम. नसली तर पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब चर्रकन उडाला तर तिथलं तापमान शंभराच्या वर आहे. हात लावून बघू नका.

ब्रेकच्या ड्रमची बाहेरची कड जास्त गरम आणि हबचा मधला भाग त्या मानाने थंड असेल, तर ब्रेक घासतोय. हबचा मधला भाग, म्हणजे टोपीच्या आसपास, जास्त गरम असेल तर बेअरिंगचा मामला. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असतील तर काही झालेलं नाही. भरलेला ट्रेलर चालला की हब थोडा तापतोच. आणि एका बाजूला जोडटायर असतील तर दोन्हींची उंची मोजा. एक टायर नवा आणि एक झिजका लावला, की सगळा भार नव्यावर येतो, तो तापतो, आणि आपण हबला दोष देत बसतो.

या एका चाचणीने निम्मं काम होतं, पण ती न करताच थेट पाने हातात घेणारेच जास्त.

चाक काढण्याआधी

जुन्या लष्करी गाड्यांच्या डिस्क बऱ्याचदा एकसंध नसतात. काहींना बाजूची रिंग असते, काही तर दोन भाग बोल्टने जोडून केलेल्या असतात. दोन भागांच्या डिस्कवर नटांच्या दोन रांगा दिसतात: एक रांग चाक हबला धरते, दुसरी डिस्कचे दोन भाग एकमेकांना धरते. टायरमध्ये हवा असताना ही दुसरी रांग सैल केली, तर डिस्क फुटून अंगावर येते. यात माणसं मेलेली आहेत. म्हणून आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा आणि मगच नटाला पाना लावा. जोडटायर असतील तर दोन्हींची हवा सोडा.

जॅकवर उचललेल्या ॲक्सलखाली घोड्या द्या, समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळातल्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की राहतं. फडकं ओलं करून पुसा आणि फडकं फेकून द्या.

ब्रेक घासत असेल तर

ट्रेलर करताना ब्रेकच्या नळ्या कापल्या जातात, पण शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे अर्धगोल तुकडे) आणि त्यांना ढकलणारा चाकातला सिलेंडर आत तसाच राहतो. कापलेल्या नळीच्या उघड्या तोंडातून ओल आत जाते, सिलेंडरचा पिस्टन गंजून फुगतो आणि शू ड्रमला टेकून बसतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये हे हमखास सापडतं. शू ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील तरी हेच होतं. नळी वापरात असेल आणि ब्रेक लागल्यावर सुटत नसेल, तर रबरी नळी बदला. जुनी नळी आतून सुजते: पायाच्या जोराने तेल पुढे ढकललं जातं, पण स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. बाहेरून नळी चांगली दिसते म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

नंतरच्या काही गाड्यांत ब्रेकच्या नळीत हवेचा दाब नसला की स्प्रिंगने लागणारा ब्रेक असतो. तो मागे ओढून बोल्टने अडकवलेला असतो. तो बोल्ट सैल झाला की ब्रेक अर्धवट लागलेला राहतो. बोल्ट कसा आहे ते बघा.

पण ब्रेकचा त्रास नको म्हणून शूच काढून टाकणं मला अजिबात मान्य नाही. उसाने भरलेला ट्रेलर घाटाच्या उतारावर एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर सोडणं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. सिलेंडर नवे घाला, नळी ट्रॅक्टरपर्यंत आणा, ब्रेक चालू करा.

हौसिंग भरलेलं, हब कोरडा

आता मुख्य गोष्ट. पुन्हा पुन्हा जाणारी बहुतेक बेअरिंगं इथेच जळतात.

या ट्रकांचा मागचा ॲक्सल बहुधा फुल फ्लोटिंग असतो. हबच्या बाहेर बोल्टांचं गोल फ्लँज दिसतं, त्याला जोडलेला हाफ शाफ्ट हौसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या पोकळ कवचाच्या, नळीतून आत क्राऊनपर्यंत, म्हणजे मधल्या मोठ्या दातेरी चक्रापर्यंत जातो. मालाचं वजन हबची दोन बेअरिंगं घेतात, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. म्हणून शाफ्ट बाहेर ओढून काढला तरी चाक जागेवर राहतं, आणि ट्रेलर करणारे तेच करतात. ते बरोबरही आहे. शाफ्ट आत ठेवला तर चाकासोबत क्राऊन फिरतो, त्याला जोडलेलं छोटं दातेरी चक्र, म्हणजे पिनियन, तर चाकाच्या कितीतरी पट वेगाने फिरतं, ट्रॅक्टरची ताकद फुकट जाते, आणि इंजिनकडून ताकद आणणारा प्रोपेलर शाफ्ट काढलेला असल्यामुळे पिनियनचं उघडं फ्लँज खाली भिरभिरत राहतं. त्यात पाचट अडकतं, कपडाही अडकू शकतो. शाफ्ट काढायलाच हवेत.

पण शाफ्ट काढल्यावर हबला तेल कुठून येणार, हे कुणी विचारत नाही. काही ॲक्सलमध्ये हबचं बेअरिंग ग्रीसवर चालतं आणि नळीच्या तोंडाशी आतून एक सील असतं, ते हौसिंगमधलं तेल हबकडे येऊ देत नाही. काही ॲक्सलमध्ये असं सील नसतं: क्राऊन फिरताना तेल उडवतो, ते नळीतून हबपर्यंत पोचतं आणि बेअरिंग त्यावर चालतं. या दुसऱ्या प्रकारात शाफ्ट काढल्यावर क्राऊन थांबतो. तेल उडणं थांबतं. हबच्या तळाशी जे थोडं तेल उरलेलं असतं ते सीलमधून झिरपून संपतं, आणि नवं येत नाही. मालक प्रामाणिकपणे हौसिंगचा बोल्ट काढून बोट घालतो, तेल बोटाला लागतं, त्याला वाटतं सगळं ठीक आहे. तेल असतं, पण बेअरिंगपासून हातभर लांब, नळीच्या पलीकडे.

एका ऊस बागायतदारांचा ट्रेलर माझ्याकडे असाच आला. डावा हब, पुन्हा पुन्हा तोच. रस्त्याचा उतार डावीकडे, भार डावीकडे, म्हणून डावं बेअरिंग जातं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हब उघडला तर आतलं बेअरिंग खडखडीत, रोलर निळे पडलेले, आणि नळीच्या तोंडात बोट घातलं तर आतली बाजू धुळीने माखलेली. उजव्या बाजूच्या हबमध्ये मागच्या कुठल्यातरी मिस्त्रीने हाताने ग्रीस भरून ठेवलं होतं, म्हणून ती बाजू तग धरून होती. रोलरचा रंग नीट बघत चला: पिवळसर झाक म्हणजे ताप सुरू झालाय, निळा पडला म्हणजे पोलाद नरम झालं. निळं बेअरिंग कितीही गुळगुळीत दिसलं तरी परत घालू नका, कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलरसह आतली कडी) दोन्ही बदला.

यावर उपाय म्हणजे हब कायमचा ग्रीसवर आणायचा. हौसिंगमधलं तेल पूर्ण काढा. नळीच्या तोंडात आतून घट्ट बसेल असं सील किंवा लेथवर करून घेतलेलं बूच बसवा, म्हणजे ग्रीस नळीत पळणार नाही. बेअरिंग रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूला बाहेर येईपर्यंत दाबा. वरवर चोपडलेलं ग्रीस कामाचं नसतं. हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते निम्मं, एवढंच भरा. ठासून भरलं तर ते घुसळूनच तापतं आणि सील फाडून ब्रेकवर येतं. ग्रीस चाकाच्या बेअरिंगसाठीचं, लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं घ्या आणि जुन्या ग्रीसवर नवं चढवू नका. दोन जातींची ग्रीसं मिसळली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात.

हबचं बाहेरचं तोंड बंद करायला पत्र्याची चकती वेल्ड करणारे आहेत. तसं करू नका, पुढच्या वेळी हब उघडायचा कसा? काढलेला हाफ शाफ्टच कामाला येतो. त्याचं फ्लँज शाफ्टपासून कापून वेगळं करा, कापलेली बाजू घासून सपाट करा, मूळचंच पॅकिंग आणि मूळचेच बोल्ट लावून ते परत बसवा. भोकं जुळतात, तोंड सपाट बसतं, पाणी आत जात नाही. यापेक्षा चांगली टोपी बाजारात मिळणार नाही. शाफ्टचं पोलाद कडक असतं, हॅक्सॉ चालत नाही, कटिंग व्हील लागेल.

क्राऊन-पिनियन काढून वजन कमी करायचं असेल तर जरूर काढा, पण त्याचं बीड, म्हणजे त्यांना धरणारा ओतीव सांगाडा, हौसिंगला परत सगळ्या बोल्टांनी बसवा आणि फक्त पिनियनचं भोक बंद करा. बीड काढून तिथे पातळ पत्रा मारला तर हौसिंगचा पोट-भाग कमजोर होतो आणि भाराखाली वाकतो. हबमध्येच गिअर असलेला ॲक्सल असेल तर यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथे हबचं स्वतःचं तेल असतं, त्याचा भरायचा बोल्ट शोधा आणि पातळी सांभाळा.

श्वास कोंडला असेल तर

हौसिंगच्या वरच्या अंगाला एक लहान ब्रीदर असतो, करंगळीच्या टोकाएवढा. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते आणि त्यातून बाहेर जाते. ट्रेलर रंगवताना त्याच्यावर रंगाचे हात चढतात आणि तो बुजतो. मग आतली हवा सगळ्यात कमजोर जागेतून, म्हणजे हबच्या सीलमधून वाट काढते आणि सोबत ग्रीस किंवा तेल घेऊन ब्रेकच्या लायनरवर टाकते. पुढे तोच गरम हब ओढ्याच्या पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. सील नवं घालूनही आठवड्यात गळत असेल तर आधी ब्रीदर शोधा, खरवडा, फुंकून बघा. त्याला नळी लावून तोंड चॅसीच्या वर घेतलं तर आणखी बरं. पाण्यातून जाणाऱ्या लष्करी गाड्यांना अशी नळी मुळातच दिलेली असते.

नट किती आवळायचा

कप-कोन बेअरिंग ताकद लावून आवळलं की जळतं आणि ढिलं ठेवलं की खडखडून फुटतं. चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. चाक जड वाटायला लागलं की थांबा, नट मागे सोडा आणि मग हाताच्या जोराने टेकवून चेक नट व लॉक वॉशर बसवा. शेवटी हबला ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढीच मागेपुढे हालचाल राहायला हवी. डायल गेज असेल तर मोजा. नसेल तर टायरला वर आणि खाली धरून हलवा: अगदी जाणवेल न जाणवेल एवढी हालचाल हवी, आवाज नको. चेक नट आवळल्यावर ही हालचाल बदलते, म्हणून तो आवळून झाल्यावर परत तपासा. लॉक वॉशरची जीभ एकदा वाकवलेली असली तर नवा वॉशर घाला. पाच-दहा रुपयांच्या पत्र्यासाठी चाक रस्त्यावर सुटून जायला नको.

वेल्डिंगने केलेलं नुकसान

हे सगळं ठीक असूनही बेअरिंग जात असेल तर वेल्डिंगवाल्याला दोन गोष्टी विचारा.

एक, अर्थ कुठे लावला होता? दांडी चॅसीला जोडताना अर्थची कातर ड्रमला किंवा डिस्कला लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, कारण तिथे चकचकीत लोखंड मिळतं. मग वेल्डिंगचा करंट चॅसीतून पाट्यांत, पाट्यांतून ॲक्सलमध्ये आणि तिथून बेअरिंगच्या रोलरमधून ड्रमकडे जातो. रोलर आणि कप यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ पापुद्रा असतो, तिथे ठिणगी पडते. असं बेअरिंग धुऊन उन्हात धरलं की कपवर सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके दिसतात, रोलरच्या लांबीच्या दिशेने ओळीत. चालताना ते आधी गुरगुरतं, मग जातं. ट्रेलर नवा असतानाच हे घडलेलं असतं, त्यामुळे त्याचा संबंध वेल्डिंगशी कुणी लावत नाही. अर्थ नेहमी वेल्डच्या शेजारी, त्याच तुकड्यावर लावा.

दोन, ॲक्सलच्या नळीवर वेल्ड मारलाय का? पाट्यांची बैठक उंच करायला किंवा आधार द्यायला नळीच्या वरच्या अंगाला वेल्ड मारला, की तो थंड होताना आकसतो आणि नळीची टोकं वर ओढतो. चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेने झिजतो, बेअरिंगवर तिरका भार येतो. हे तपासायला ट्रेलर सपाट जागी रिकामा उभा करा आणि दोन चाकांमधलं अंतर चार ठिकाणी मोजा: ॲक्सलच्या उंचीवर पुढे आणि मागे, मग टायरच्या वरच्या आणि खालच्या कडेला, सगळीकडे टायरच्या त्याच खुणेपासून. वरचं माप खालच्यापेक्षा ठळक कमी असेल तर नळी वाकलीय. ती घणाने ठोकून सरळ होत नाही. ॲक्सल बनवणाऱ्याकडे नेऊन प्रेसवर सरळ करून घ्या नाहीतर दुसरं हौसिंग बघा. बैठक बदलायची असेल तर मूळचे यू-बोल्ट आणि खाली-वर लोखंडी ठोकळे वापरा. नळीला आच लावू नका.

भार किती आणि कुठे, हेही बघा. ट्रक चार चाकांवर जेवढं पेलायचा तेवढं सगळं एका ॲक्सलवर टाकलं तर कुठलंच बेअरिंग पुरणार नाही.

नवा ट्रेलर अजून करायचाय, त्यांच्यासाठी एक. कटर लावण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ ट्रेलरलाही वाहनच मानतो, आणि गाडीत परस्पर बदल करायला त्याच कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. लिलावाचे कागद, चॅसी नंबर, सगळं जपून ठेवा, आणि चॅसी नंबर ज्या तुकड्यावर कोरलाय तो तुकडा भंगारात जाऊ देऊ नका.

हब नव्याने बांधल्यावर पहिल्या खेपेनंतर चाकाचे नट आणि टोपीचे बोल्ट परत आवळा. हंगामाच्या मध्यावर एक हब उघडून ग्रीसचा रंग बघा. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरतंय, सील आणि ब्रीदर बघा. काळं पडून त्यात बोटांना चकाकी लागत असेल तर लोखंड झिजतंय, बेअरिंग काढा. पातळ होऊन तेलासारखं वाहत असेल तर नळीतलं जुनं तेल अजून हबकडे येतंय, बूच पुन्हा बसवावं लागेल. आणि घातलं होतं तसंच घट्ट, त्याच रंगाचं सापडलं, तर टोपी परत लावा आणि ट्रेलर कामावर पाठवा.